घाटाखालचं आजोळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न हटकून विचारला जातो. आम्ही सुट्टीला तुमच्याकडे येतो, मग तुम्ही सुट्टीला कुठं जाता? प्रश्न गमतीचा असतो, पण माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर आहे. आम्ही घाट उतरतो. माझी आई रेवदंड्याची. तिथं माझी खाला, म्हणजे आईची धाकटी बहीण, अजून राहते. लोणावळ्याहून खोपोली, खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग आणि अलिबागहून रेवदंडा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, पण एस.टी. तीनदा बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलाला हवा थोडी जड, थोडी खारट होत जाते.

यंदाच्या जानेवारीत खालाचा फोन आला. ‘‘दोन दिवस काढून ये. एक कागद वाचायचाय.’’ घरात शिकलेली मुलं असताना कागद वाचायला मला का बोलावतेय, हे विचारायची सोय नव्हती. खालाच्या लेखी मी बी.ए. झालेला भाचा आहे, आणि त्यातून कविता लिहिणारा. तिची समजूत अशी की जो कविता लिहितो त्याला कुठलाही कागद कळतो. पिशवीत मावळातला इंद्रायणी तांदूळ घेतला, चिक्कीचे दोन डबे घेतले आणि निघालो.

खंडाळ्याच्या पुढं गाडी उताराला लागली की मी खिडकी सोडत नाही. आपण या वाटेला मुंबई-पुण्याचा रस्ता म्हणतो. ते खरंच आहे, पण ती ओळख गेल्या दोनशे वर्षांची. त्याच्या खूप आधी मुंबई नावाचं मोठं शहर नव्हतंच. बोरघाट आणि त्याच्या आजूबाजूच्या वाटा देशावरून उतरत होत्या त्या कल्याणला, सोपाऱ्याला आणि चौलला. रेवदंडा हे त्या चौलचंच समुद्राकडचं अंग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं टिपण लिहिलं, ‘पेरिप्लस’ नावानं ते प्रसिद्ध आहे. त्यात चौल आहे, सेमिल्ला या नावानं. पुढच्या शतकात टॉलेमीनंही ते नोंदवलं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत त्याचं नाव चेमुल असं येतं. म्हणजे माझ्या खालाच्या गावाला जायची वाट निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे. माझ्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग इतक्या वर्षांत एक थेट गाडी का सुरू झाली नाही?

दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेनं कोण जात-येत होतं, हे पाहायला घाट उतरायची गरज नाही. आमच्या मावळातच त्याचा पुरावा डोंगरात कोरलेला आहे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. बेडशाची त्यानंतरची. आणि कार्ल्याचं चैत्यगृह तर देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं. वर लाकडाच्या कमानी आहेत, त्या अस्सल, प्राचीन आहेत. हे बांधायला पैसा कुणी दिला, ते भिंतीवर आणि खांबांवर ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवलं आहे. वैजयंतीचा शेठ भूतपाल म्हणतो, जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह मी पुरं केलं. एवढी बढाई मारण्याचा त्याला हक्क आहे. सोपाऱ्याचा दाता आहे. आणि धेनुकाकट गावाचे ‘यवन’ आहेत. एकेका खांबाखाली लिहिलं आहे, अमुक यवनाचं दान. त्यांची नावं पाहा. एकाचं सिहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्याचं धम्म.

इथं जरा थांबतो. यवन हा शब्द मूळचा आयोनियातल्या ग्रीकांसाठी. पुढं तो पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही लागला, आणि नंतरच्या मराठी बखरींत तो मुसलमानांसाठी वापरला गेला. मी शाळेत असताना इतिहासाच्या तासाला तो शब्द आला की वर्गातले दोन-तीन चेहरे माझ्याकडे वळायचे. त्यात द्वेष नसायचा, नुसतं कुतूहल. पण मान खाली जायची. पुढं कॉलेजात असताना कार्ल्याच्या खांबावरचं वाचन एका पुस्तकात सापडलं आणि मी दुसऱ्याच दिवशी गड चढून गेलो. इथला यवन बुद्धाच्या भिक्षूंना खांब दान करतो आणि मुलाचं नाव ठेवावं तसं स्वतःचं नाव धम्म ठेवतो. माझं त्याच्याशी नातं काही नाही. तरी त्या खांबाला हात लावून मी बराच वेळ उभा होतो.

त्या चैत्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. एका बाजूला सिंहस्तंभ उभा, दुसऱ्या बाजूला देऊळ. एकवीरा ही कोळी-आगऱ्यांची, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची कुलदेवी. चैत्रात यात्रा भरते तेव्हा मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी घाट चढून मावळात येतात. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची देवी समुद्रापासून इतकी दूर, डोंगराच्या पोटात का, याचा विचार करताना मला ती जुनी व्यापारी वाट आठवते. व्यापारी गेले, भिक्षू गेले, पण किनाऱ्याचा माणूस वर चढायचा थांबला नाही. आमच्या घरी तर या यात्रेचा एक वेगळाच उपयोग व्हायचा. खालाच्या शेजारचं कोळ्याचं कुटुंब दरवर्षी चैत्रात एकवीरेला येतं. माझ्या आईच्या वेळेपासून त्यांच्याबरोबर खालाकडून सुकट आणि बोंबील येतात, आणि जाताना आम्ही त्यांच्याबरोबर तांदूळ पाठवतो. मीठ-मासळी वर आणि धान्य खाली, हाच तर या घाटाचा जुना व्यापार.

खोपोली आली. इथं नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे, घाट चढण्यापूर्वी माणसा-जनावरांनी पाणी प्यावं म्हणून. इथंच टाटांचं वीजघर आहे, १९१५चं. वर लोणावळ्याला, वळवणला, शिरवत्याला अडवलेलं पावसाचं पाणी नळांतून इथं सोडलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. जे पाणी इंद्रायणीतून पूर्वेला जायचं ते पाताळगंगेतून पश्चिमेला जाऊ लागलं. तिकडं मुळशीचंही तेच झालं. मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरवलं गेलं, ते कुंडलिकेतून वाहत येतं आणि कुंडलिका समुद्राला मिळते कुठं, तर रेवदंड्याला. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला, धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी. सत्याग्रह हरला, जमिनी बुडाल्या. खालाच्या घराजवळच्या खाडीत त्या पाण्याचा वाटा आहे, हे मला तिथं उभं राहिल्यावर दर वेळी आठवतं.

वळवणचं नाव आलं म्हणून सांगतो. लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकाला वळवण माहीत असतं ते धरणामुळं. पण या वळवणला १७१३च्या सुमारास मराठ्यांच्या राज्याचा एक मोठा निकाल लागला. कान्होजी आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या, म्हणजे कोल्हापूरच्या पक्षाचे. त्यांनी किनाऱ्यावरून मुसंडी मारून घाटमाथ्यावरचे लोहगड आणि राजमाची घेतले, आणि शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. साताऱ्यावरच चालून जातील अशी धास्ती पडली. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद देऊन पाठवलं. बाळाजीपंत लढायला गेले नाहीत, बोलायला गेले. वळवणला दोघांची भेट झाली आणि तह ठरला. कान्होजींनी शाहूंचा पक्ष घ्यायचा, बहिरोपंतांना सोडायचं, राजमाचीखेरीज घेतलेला मुलूख परत द्यायचा, आणि त्या बदल्यात दहा किल्ले, सोळा ठाणी आणि सरखेलपद त्यांच्याकडं राहायचं.

मला या भेटीत गंमत वाटते ती अशी. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, समुद्राकाठचे. देशावर येऊन पेशवे झाले. आणि आंग्र्यांचं मूळ गाव मावळातली आंगरवाडी असं सांगतात. ते खाली उतरून दर्याचे धनी झाले. एक खालून वर आलेला आणि एक वरून खाली गेलेला, दोघं घाटाच्या तोंडाशी बसून समजुतीला आले. एकमेकांचा मुलूख ठाऊक असल्यावर बोलणं सोपं जात असावं.

सगळ्यांनाच घाट असा साधला नाही. १६६१च्या फेब्रुवारीत शाइस्तेखानानं कारतलबखानाला कोकण घ्यायला पाठवलं. तो नेहमीची वाट टाळून कुरवंड्याच्या घाटानं, म्हणजे आमच्या नागफणीच्या बाजूनं उतरला. खाली चावणी गावाजवळ अंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना झाडी, आणि वर शिवाजी महाराजांची माणसं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. सैन्यात रायबागन नावाची माहूरकडची शूर बाई होती. तिनं खानाला स्पष्ट सांगितलं की शरण जा. खानानं ऐकलं, खंडणी दिली आणि जीव वाचवून परतला. वाटेवरचं सामान तिथंच राहिलं. रायबागनसारखं खरं बोलणारं माणूस फौजेत असणं हे खानाचं नशीबच.

रेल्वेची हकिकत लोणावळेकर मोठ्या अभिमानानं सांगतात. १८३०मध्ये माल्कमनं गाडीरस्ता खुला केला आणि १८६३मध्ये रेल्वे घाट चढून आली. पंचवीस बोगदे, आणि सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ. मुख्य कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन पुरं केलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात होते, पटकीनं आणि तापानं त्यांतले किती गेले त्यांची नावं कुठल्या खांबावर नाहीत. घाटात शिंगरोबाचं छोटं देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखवणारा धनगर तो, आणि वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं, अशी कथा आहे. ड्रायव्हर लोक आजही तिथं पैसे टाकतात.

माझे वडील याच रेल्वेत होते. आई लग्न होऊन लोणावळ्याला आली ती रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला, आणि तिथून गाडीनं घाट चढून. ती सांगायची, बोगद्यात अंधार झाला की मी मोजायचे, आणि दर बोगद्यागणिक समुद्र मागं जातोय असं वाटायचं. सगळ्या सासुरवाशिणी माहेराकडं वळून बघतात. हिचं माहेर डोंगराच्या आड गेलं होतं.

पेण गेलं, वडखळ गेलं, पोयनाड गेलं आणि गाडी कार्लेखिंडीत शिरली. वर कार्ला, इथं कार्लेखिंड. खिंड ओलांडली की वाऱ्याला मासळीचा वास येतो. अलिबागहून पुढं आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. हा सगळा अष्टागराचा पट्टा. नारळ, पोफळी, विहिरी, आणि वाडीतून जाणारे पाणंदीसारखे अरुंद रस्ते. पण २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हापासून ही सावली पहिल्यासारखी राहिलेली नाही. ते वादळ किनाऱ्यावर थांबलं नाही, घाट चढून आमच्याकडंही आलं. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस उडाली. आम्ही लोणावळ्यात पत्रे शोधत फिरत होतो आणि रेवदंड्याचा फोन काही केल्या लागत नव्हता. तीन दिवसांनी लागला. खाला एवढंच म्हणाली, ‘‘घर हाय. वाडी नाय.’’

बावीस गुंठ्यांची वाडी. पोफळी एकावर एक आडव्या झाल्या होत्या. नारळ थोडे वाचले. पोफळीचं झाड धरायला सात-आठ वर्षं लागतात. खालाचं वय तेव्हाच पंचाहत्तरीपुढं.

मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर वाल निवडत बसली होती. ‘‘आयलास? जेव आधी.’’ तांदळाची भाकरी, बांगडा, सोलकढी. कागदाचं नाव नाही. जेवण झाल्यावर तिनं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत खरेदीखताचा मसुदा. तिचे दोन मुलगे. एक कुवेतला, दुसरा मुंब्र्याला. दोघांचं म्हणणं, वाडी विकून टाकू. पुण्याचा कुणी गिऱ्हाईक आहे, सुट्टीपुरतं राहायला घर बांधणार आहे. मुलांचं चूक आहे असं मी म्हणू शकलो नाही. पडलेल्या वाडीतून उत्पन्न नाही, आणि आईला एकटी ठेवायचं म्हणजे काळजी. माझ्या स्वतःच्या लोणावळ्यात अर्धी जमीन अशाच सुट्टीच्या बंगल्यांखाली गेलेली आहे, त्यामुळं विकत घेणाऱ्यावर रागावण्याचाही मला फारसा अधिकार नाही.

मी मोठ्यानं वाचायला लागलो. चतुःसीमा झाली. मग ते वाक्य आलं. सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह खरेदी दिली आहे. खालानं हात वर केला. ‘‘थांब. जल म्हंजे?’’

‘‘पाणी. म्हणजे तुझी विहीर.’’

‘‘आनि तरू?’’

‘‘झाडं.’’

‘‘झाडं तर वाऱ्यानं नेली,’’ असं म्हणून ती उठली आणि वालाची टोपली आत घेऊन गेली. त्या दिवशी कागद पुढं वाचला गेला नाही.

हे शब्द, मित्रहो, आजच्या वकिलाचे नाहीत. पेशवाईतल्या इनामपत्रांत ते जसेच्या तसे येतात आणि त्याही आधीच्या दानपत्रांत त्यांचे पूर्वज सापडतात. राजा गाव दान द्यायचा तेव्हा पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सगळं मोजून द्यायचा, आणि हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिको असं लिहायचा. शिलाहारांच्या दगडांवर तर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, गधेगाळ. टिकवण्यासाठी घडवलेली ही भाषा आता विकण्यासाठी वापरतात.

संध्याकाळी शेजारच्या कोळ्यांच्या खळ्यात पोपटी लावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. अलिबागेकडच्या थंडीचं हे जेवण. खालाचा नातू, मुंब्र्याच्या मुलाचा मुलगा, सुट्टी नसताना आजीकडं आलेला होता. नववीत आहे. शेंगा सोलता सोलता त्यानं मला विचारलं, ‘‘चाचा, आपण समुद्रातून आलो का? शाळेत पोरं म्हणतात, तुम्ही बाहेरचे.’’

जाळ विझत आला होता. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगतो.

सकाळी रिक्षा करून त्याला घेऊन निघालो. आधी चौलचं सांगितलं. अल-मसुदी नावाचा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ साली, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास इथं आला होता. तो या बंदराला सैमूर म्हणतो. त्यानं लिहून ठेवलं आहे की इथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि काही इथंच जन्मलेले. इथं जन्मलेल्यांसाठी त्यानं वेगळा शब्द दिला आहे, बयासिरा. इथला राजा शिलाहार घराण्यातला झंझ, आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता. या राजानं मुसलमानांचा कारभार त्यांच्यातल्याच एका प्रमुखाकडं सोपवला होता, त्या पदाला हुनरमन म्हणत. त्या वेळचा हुनरमन मारूफ बिन झकरिया. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सातशे वर्षांची ही गोष्ट.

‘‘मग आपण ते?’’ मुलानं विचारलं.

मी त्याला खरं ते सांगितलं. आपल्या घराण्याचा कागद चार पिढ्यांच्या मागं जात नाही. आपण त्यांतले असू, किंवा वाडीतल्याच कुणा शेतकऱ्यानं, कुणा खलाशानं कधी तरी कलमा वाचला असेल, त्याचे असू. दोन्हीही असू. त्याला हे उत्तर फारसं आवडलं नाही. नववीतल्या मुलाला एकच उत्तर हवं असतं.

मग रशियाच्या निकितिनची गोष्ट सांगितली, ती मात्र त्यानं डोळे मोठे करून ऐकली. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, १४६९च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. एक घोडा विकायला घेऊन आला होता. पालीवरून सह्याद्री चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर मोहराही देतो. निकितिन घाबरला, अडून बसला. तेव्हा खुरासानचा ख्वाजा मुहंमद तिथं आला, त्यानं खानाकडं रदबदली केली, आणि निकितिनला घोडाही मिळाला आणि धर्मही राहिला. जबरदस्ती करणारा खान मुसलमान होता आणि सोडवणारा ख्वाजाही मुसलमान होता. मी मुलाला दोन्ही सांगितले, एक झाकून दुसरा सांगितला नाही. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे, २००२मध्ये उभारलेला.

पोर्तुगिजांचं मी थोडक्यात आटोपलं. १५०८मध्ये चौलच्या समुद्रात त्यांची इजिप्तच्या आरमाराशी लढाई झाली, व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला, तरी पुढं त्यांनी रेवदंड्याला कोट बांधलाच. १७४०मध्ये तो मराठ्यांकडं आला. खाडीपलीकडच्या कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली एक बोली अजून घरात बोलतात. ती बोलणारी माणसं बाजारात आमच्याशी मराठीच बोलतात.

मला त्याला दाखवायचं होतं ते आक्षी आणि नागावला. आक्षीचा शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. केसिदेवराय नावाच्या शिलाहार राजाचा तो. मराठीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हा लिहिणाऱ्यांचे सत्कार झाले, हार-तुरे झाले. त्या दिवशी मला आक्षीचा दगड आठवला होता. आणि नागावचा लेख शके १२८९चा, म्हणजे १३६७चा. अक्षरं झिजली आहेत, पण अभ्यासकांनी वाचून छापलेली आहेत. मी ती वहीत उतरवून नेली होती. मुलाला म्हटलं, वाच.

त्यानं अडखळत वाचलं. आरंभी सिद्धीचं मंगलवचन. मग ‘हिजरत ७६९’. मग शक. मग राजाचं नाव, हंबीरराव, ठाणे-कोकणावर राज्य करणारा.

‘‘हिजरत? हिजरी साल?’’

‘‘हो.’’

‘‘मराठीत?’’

‘‘मराठीत.’’

त्यानं वही माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा वाचलं. हिंदू राजाच्या कारभारातला, मराठी भाषेतला लेख, आणि त्यात पहिलं साल हिजरी. त्या काळी बंदरावर दोन्ही सनांनी व्यवहार चालत होता, इतकाच त्याचा अर्थ. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. मुलानं मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो काढला. तो कुणाला पाठवला ते मी विचारलं नाही.

परत आलो तर खाला वाडीत होती. पडलेल्या पोफळींचे बुंधे कधीच उचलले गेलेत, मोकळी जमीन दिसत होती. विहिरीच्या कडेला ओळीनं काही तरी हिरवं होतं. जवळ गेलो तर पोफळीची रोपं. वीतभर, हातभर. कोळ्यांच्या सुनेकडून रोपं मागवून गेल्या पावसाळ्यात तिनं ती लावली होती. वीस. मुलांना सांगितलेलं नव्हतं.

‘‘ही धरेपर्यंत...’’ मी म्हणायला लागलो.

‘‘ठाव हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या नानीनं लावलेली मी खाल्ली.’’

रात्री दोन्ही मुलांना फोन लावले. एकाला कुवेतला, एकाला मुंब्र्याला. खाला फार बोलली नाही. रस्त्याकडची बारा गुंठे द्या, म्हणाली. घर, विहीर आणि विहिरीमागचा तुकडा कागदातून काढा. मी गेल्यावर काय करायचं ते करा. मुंब्र्याचा मुलगा चिडला, अर्ध्या जमिनीला गिऱ्हाईक भाव देणार नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. कुवेतचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, अम्मा म्हणते तसं करा. मसुदा मी परत केला. त्यावर पेन्सिलीनं ‘जल’ या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, विहीर वगळून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला बसलो. पिशवीत वाल, सुकट, सहा नारळ. कार्लेखिंड ओलांडली तेव्हा समुद्र मागं गेला. घाट चढताना राजमाचीचे दोन सुळके दिसले आणि खंडाळ्याच्या वळणावर नागफणी. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आमचा लोहगड आहे आणि अलिबागेजवळचा समुद्रातला खांदेरीही आहे. यादी करणाऱ्यांनी वरचं आणि खालचं एकाच कागदावर घातलं, हे बरं झालं.

चैत्रात एकवीरेची यात्रा भरली. शेजारचे कोळी आले, गुलाल लागलेल्या कपाळांनी दुपारी आमच्या दारात. बोंबलांची पुडकी उतरली. मी आत जाऊन तांदळाची पिशवी भरत होतो तेवढ्यात त्यांची सून म्हणाली, खालानं निरोप दिलाय.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘तेरा जगली म्हणाली. सात उन्हानं गेली. पावसाला आनखी रोपं लावनार हाय, तवा येताना वरचा तांदूळ घेऊन ये म्हणाली.’’